गाडी कोणाच्या हाती द्यायची?

आज आपण बोलणार आहोत स्कूटीबद्दल, आणि ती बंद पडली की ज्याच्या दारात आपण हवालदिल होऊन उभ्या राहतो त्या गॅरेजवाल्याबद्दल.

आमच्या गटातल्या एका वहिनींची गोष्ट आधी सांगतो. त्यांनी गटातूनच कर्ज काढून वापरलेली स्कूटर घेतली. सकाळी लेकीला हमरापूर स्टेशनला सोडायचं, तिथून जोह्यात गणपतीच्या कारखान्यात घासकामाला जायचं, संध्याकाळी येताना बाजार. आषाढ लागला, कारखान्यात मान वर करायला वेळ नाही, आणि नेमकी तेव्हाच गाडी धाप टाकायला लागली. चढाला खेचेना, मध्येच बंद पडे. नवऱ्याच्या ओळखीचं एक गॅरेज होतं, तिथे नेली. वहिनींनी विचारलं, "काय झालंय?" तर उत्तर आलं, "बाय, त्यातला तुला नाय कलायचा. ठेवून जा."

तीन दिवस गाडी तिथेच. तीन दिवस रिक्षाचं भाडं, उशीर झाला म्हणून एक दिवस अर्धा खाडा. शेवटी "इंजिनचं काम केलंय" म्हणून ३,८०० रुपये घेतले. बिल नाही, जुना पार्ट नाही. आठ दिवसांत गाडी परत तशीच.

मग त्या दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेल्या. दुकान छोटं, एकच मुलगा हाताखाली. त्याने पाना हातात घेण्याआधी विचारलं, "ताई, दिवसभर गाडी कुठे उभी असते?" वहिनी म्हणाल्या, कारखान्याच्या पडवीत. त्याने त्यांच्यासमोर एअर फिल्टरचं झाकण उघडलं. आत पांढरं पीठ बसलेलं! मूर्ती पॉलिश पेपरने घासताना जी भुकटी उडते, ती सगळी तिथे. इंजिनला श्वासच मिळत नव्हता. नवा फिल्टर घातला, प्लग साफ केला, अडीचशेच्या आत काम झालं. वर सांगितलं, "हा कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. तुमच्याकडे धूळ आहे, तर पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या आधीच बघून घेत जा."

त्या दिवसापासून आम्ही गॅरेज ओळखायची पहिली खूण ही धरली: चांगला मेकॅनिक आधी विचारतो, मग उघडतो. आवाज कधी येतो, सकाळी थंड असताना की तापल्यावर? शेवटचं ऑइल कधी बदललं? पावसात पाण्यातून गेली होती का? डॉक्टर नाडी न बघता औषध लिहू लागला तर आपण उठून येऊ ना, तसंच हे. इंजिनची माहिती आपल्याला नसली तरी चालते. समोरचा विचारतोय की नुसता "ठेवून जा" म्हणतोय, एवढं तर कळतं.

दुसरी खूण पैशाची. काम सुरू करायच्या आधी अंदाज सांगा म्हणायचं, आणि तो कागदावर नाहीतर फोनच्या मेसेजवर घ्यायचा. उघडल्यावर आणखी काही निघू शकतं, ते खरंच आहे. पण मग फोन करून विचारलं पाहिजे, परस्पर काम वाढवता कामा नये. पार्ट बदलला तर जुना परत मागायचा. "टाकून दिला" असं उत्तर आलं की आम्ही सावध होतो. नवा पार्ट पाकिटातून आपल्यासमोर काढायला सांगा. पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, मजुरी वेगळी सांगू दे. ऑइलचं तसंच: स्कूटरला साधारण पाऊण लिटर लागतं, बाटलीचं सील आपल्यासमोर तुटलं पाहिजे. मागच्या चाकाजवळच्या गिअर बॉक्सचं ऑइल वेगळं असतं, ते थोडंसंच लागतं पण विसरलं जातं, म्हणून आठवण करायची.

आणि बिल. इथेच आपली जीभ अडखळते. गॅरेजवाला दिराचा मित्र असतो, नाहीतर माहेरच्या गावचा. बिल मागितलं तर "वहिनींचा विश्वास नाय" असं होतं. आमचा अनुभव असा, की अनोळखी माणसाकडे आपण चार प्रश्न विचारतो आणि ओळखीच्याकडे गप्प बसतो, म्हणून ओळखीतच जास्त फसतो. ओळख असावी, नको असं नाही. पण बिल मागायला तोंड उघडत नसेल, तर ती ओळख आपल्या कामाची नाही. आता आम्ही सरळ सांगतो, "दादा, गटात हिशोब दाखवायला लागतो." आणि ते खरंच आहे, गाडीचं कर्ज गटाचंच आहे.

ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा पैसे देऊन घेतलेल्या दुरुस्तीच्या सेवेलाही लागू आहे. बिल किंवा पावती न देणं याला त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हटलं आहे. आधी गॅरेजवाल्याशी बोला, बहुतेक वेळा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. त्याच्याही पुढे जायचं तर आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. पण हातात कागद नसेल तर काय दाखवणार?

गाडी नवी असेल तर वॉरंटी आणि मोफत सर्व्हिसिंग संपेपर्यंत कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच न्या, आणि दर वेळी पुस्तिकेत नोंद करून घ्या. पेणला जायचा अर्धा दिवस मोडतो, तरीही. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांमध्ये आणखी एक अडचण आहे. त्यांतल्या बहुतेकांत कार्बोरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शनने जातं आणि सेन्सर असतात. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा पेटून राहिला तर ते तपासायचं यंत्र आहे का, एवढं विचारा. जुन्या गाडीत हात बसलेला चांगला माणूसही तिथे अंदाजाने पार्ट बदलत बसतो, आणि अंदाजाचे पैसे आपण भरतो.

आपला भाग खारेपाटाचा. खारी हवा आणि चार महिने पाऊस, गंज लवकर धरतो. म्हणून पावसाच्या आधी एकदा आणि गणपती झाल्यावर एकदा गाडी दाखवायचा आम्ही नेम केला आहे. ब्रेकच्या केबलला ऑइल, बॅटरीचे टोक, टायरची नक्षी, एवढं बघून घ्यायचं. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली तर बटण दाबून सुरू करून बघू नका. इंजिनमध्ये पाणी असताना ती सुरू केली तर पाचशेचं काम पाच हजारांवर जातं. ढकलत न्या. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय असं समजा. विम्याचाही कागद काढून बघा: नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचं काही मिळत नाही.

नवीन गॅरेजवर एकदम मोठं काम टाकू नका. आधी ऑइल बदलायला किंवा ब्रेक आवळायला न्या. देताना मीटरवरच्या किलोमीटरचा आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढा. घेताना दोन्ही ब्रेक, हॉर्न, पुढचा-मागचा दिवा तिथेच बघा आणि एक फेरी मारून या. इंदूरला दुचाकी दुरुस्तीची गॅरेजं बायका स्वतः चालवतात, ते ऐकून आमच्यातल्या दोघी-तिघींचे डोळे चमकले होते. तो विषय पुन्हा कधीतरी.

आमच्या गटाच्या वहीत आता शेवटचं पान गॅरेजचं आहे. कोणी कुठे गाडी दिली, सांगितले किती, घेतले किती, कबूल केलेल्या दिवशी मिळाली का, एवढंच लिहितो. बोललेलं नाही, झालेलं लिहायचं. त्या पानावर एक नाव आम्ही खोडलं होतं. पुढच्या महिन्यात त्याच माणसाने स्वतः फोन केला, चुकून लावलेला पार्ट बदलून दिला आणि मजुरी घेतली नाही. ते नाव आम्ही पुन्हा लिहिलं. वहिनींच्या पहिल्या गॅरेजचं नाव मात्र अजून खोडलेलंच आहे. नवऱ्याचा मित्र तो, पण वही गटाची आहे.