नाव एकाचे, खेळ दुसऱ्याचा

2013 साली अटारी कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखांनी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यांच्याकडची जुनी मालमत्ता लिलावात निघाली. तीत ‘स्टार कंट्रोल’ हे नाव होते. अंतराळातल्या लढाया आणि परग्रहवासीयांशी रंगणारे मिश्कील संवाद यांमुळे गाजलेल्या या मालिकेतला पहिला व्हिडिओ गेम 1990मध्ये आला आणि दुसरा 1992मध्ये. 1996मध्ये तिसरा खेळ वेगळ्याच चमूने केला आणि मालिका तिथेच थांबली. मिशिगनमधल्या स्टारडॉक कंपनीने सुमारे 3 लाख डॉलर मोजून हे नाव आणि तिसऱ्या खेळाचे काही हक्क घेतले. पहिले दोन खेळ रचणाऱ्या जोडीने मात्र आपल्या निर्मितीचा कॉपीराइट कधीच विकला नव्हता. सातबारा एकाच्या नावावर आणि पेरणीपासून कापणीपर्यंतचे कष्ट दुसऱ्याचे, अशी ही स्थिती. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या खेळांच्या नावांवरून जे वाद होतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ मला याच फारकतीत दिसते.

कॉपीराइट आणि ट्रेडमार्क हे दोन हक्क सामान्य बोलण्यात एकच समजले जातात, पण त्यांची कामे वेगळी आहेत. कॉपीराइट कलाकृतीचे रक्षण करतो. पात्रे, चित्रे, संवाद, संगीत, संगणकाची आज्ञावली हे सगळे त्यात येते, आणि कलाकृती विकली जावो वा न जावो, तो अनेक दशके टिकतो. ट्रेडमार्क ग्राहकासाठी असतो. दुकानात एखादे नाव दिसले की माल कोणाकडून आला हे कळावे आणि फसगत होऊ नये, एवढा त्याचा हेतू. म्हणूनच तो वापरावर उभा आहे. अमेरिकी कायद्यात सलग तीन वर्षे वापर नसेल तर मालकाने नाव सोडून दिले असे प्रथमदर्शनी मानले जाते. भारतात 1999च्या कायद्यातील कलम 47नुसार, पाच वर्षे तीन महिने न वापरलेल्या चिन्हाची नोंदणी रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. वापर थांबला की हक्कही विरावा, हा विचार मला अगदी योग्य वाटतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही, ही अडचण आहे.

स्टार कंट्रोलचे पुढे काय झाले ते पाहा. मूळ निर्मात्यांनी 2002मध्ये दुसऱ्या खेळाची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली, पण नाव त्यांच्या हाती नसल्यामुळे चाहत्यांनी घडवलेली आवृत्ती ‘द अर-क्वान मास्टर्स’ या नावाने निघाली. ऑक्टोबर 2017मध्ये या जोडीने आपल्या कथेचा पुढचा भाग जाहीर केला, तेव्हा स्टारडॉकही नव्या स्टार कंट्रोलवर काम करत होती. डिसेंबरात स्टारडॉकने ट्रेडमार्कभंगाचा दावा लावला. निर्मात्यांनी प्रतिदावा केला. कंपनीने मग जुन्या खेळांतल्या परग्रहवासी जमातींच्या नावांवरही ट्रेडमार्कसाठी अर्ज केले. इथे हा हक्क आपल्या मूळ कामापासून किती दूर सरकला हे दिसते. पात्रे कल्पनेतून घडवणाऱ्यांनाच त्या पात्रांची नावे वापरण्याची बंदी होऊ शकेल, अशी वेळ आली. दुसऱ्या बाजूनेही तडाखा बसला. कॉपीराइटच्या तक्रारीमुळे स्टारडॉकचा नवा खेळ काही काळ ऑनलाइन दुकानांतून उतरवावा लागला. जून 2019मध्ये तडजोड झाली. नाव कंपनीकडे राहिले, जुने विश्व निर्मात्यांकडे. खटल्याआधीही वाटणी जवळपास हीच होती!

जुने नाव सोडवण्यासाठी कायद्यात वाट आहे, पण ती चालण्याचा खर्च आणि पुराव्याचे ओझे आव्हान देणाऱ्यावर पडते. ‘एज’ या नावाचे प्रकरण त्याचा धडधडीत दाखला आहे. एज गेम्स ही छोटी कंपनी हा शब्द नावात असलेल्या इतरांच्या खेळांना वर्षानुवर्षे हरकत घेत असे. 2009मध्ये पॅरिसच्या मोबिगेमचा ‘एज’ हा खेळ ॲपलच्या ॲप स्टोअरवरून हटवला गेला. हाच आग्रह ‘मिरर्स एज’ काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सपुढे मात्र टिकला नाही. ऑक्टोबर 2010मध्ये कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयातील न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी एज गेम्सला मनाई हुकूम नाकारला आणि नोंदणी कार्यालयाला दिलेल्या पुराव्यांच्या खरेपणाबद्दल गंभीर शंका नोंदवली. ट्रेडमार्क प्रत्यक्षात रद्द झाले ते 2013मध्ये. बलाढ्य कंपनीला जे जमले ते पॅरिसच्या दोन-चार तरुणांना कसे परवडावे?

यावर एक आक्षेप रास्त आहे. खेळ बंद झाला तरी लोकांच्या मनातले नाव मरत नाही; ते मोकळे सोडले तर कोणीही उचलून चाहत्यांना फसवील. ही भीती खरी आहे. कोलेको कंपनीने 1985मध्ये व्हिडिओ गेमचा धंदा सोडला, तरी तीस वर्षांनी ‘कोलेको कॅमेलिअन’ नावाचे यंत्र जाहीर होताच जुने चाहते उत्साहाने धावले. 2016मध्ये दाखवलेल्या नमुन्यात दुसऱ्याच कंपनीचे जुने यंत्र दडवल्याचा संशय आला आणि प्रकल्प कोसळला. पण हे नाव मोकळे नव्हते. त्याला रीतसर मालक होता आणि त्यानेच परवाना दिला होता. ग्राहकाला धोका झाला तो नावामागे मूळ काम उरले नव्हते म्हणून.

दुसरा आक्षेप धनकोंचा. बुडालेल्या कंपनीची नावे विकूनच देणी भागतात. ती विकावीत, पण कामासह. नावामागची पत सोबत न देता नुसता शब्द हस्तांतरित करू नये, हे तत्त्व अमेरिकी न्यायालये फार पूर्वीपासून मानतात. खेळांच्या बाबतीत ते कसोशीने लावले जात नाही इतकेच. आणि दोन्ही हक्क विखुरले तर काय होते, हे ‘नो वन लिव्हज फॉरएव्हर’ने दाखवले आहे. 2000 सालचा हा गुप्तहेर-खेळ पुन्हा विक्रीला आणण्यासाठी नाइटडाइव्ह स्टुडिओने 2014मध्ये नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. वॉर्नर ब्रदर्सने त्यात आडकाठी केली, पण ॲक्टिव्हिजन, फॉक्स आणि वॉर्नर यांच्यापैकी कोणाकडे नेमका कोणता हक्क आहे, याचे स्पष्ट उत्तर काही मिळाले नाही. अखेर स्टुडिओने नाद सोडला.

त्यामुळे दोन बदल व्हायला हवेत. नूतनीकरणाच्या वेळी मालकाने त्या नावाचा कोणता खेळ आज खरोखर विकला जातो हे दाखवावे, आणि नुकताच तयार केलेला नाममात्र खेळ पुरावा म्हणून स्वीकारू नये. दिवाळखोरीत नाव विकायचे असेल तर ते आधी मूळ कलाकृतीचा कॉपीराइट असलेल्याला देऊ करावे. त्याने नाकारले तरच बाहेरच्याला द्यावे. असा नियम 2013च्या लिलावात असता, तर त्या दोघा निर्मात्यांना आपल्याच खेळाचे नाव घेण्याची संधी तरी मिळाली असती.