हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनियापासून सावध राहा

आदिलाबाद जिल्ह्यातील बरेच रुग्ण हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी हैदराबाद किंवा नागपूरला जातात. शस्त्रक्रिया पार पडली, रुग्ण घरी आला, की सारे संकट टळले असे आपण समजतो. पण न्यूमोनियाचा धोका घरापर्यंत सोबत येतो. अमेरिका व कॅनडामधील अशा ५,१५८ रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांत शंभरी दोन-तीन जणांना न्यूमोनिया झाला. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना तो घरी परतल्यावर झाला. न्यूमोनिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाणही कितीतरी अधिक होते.

असे का होते? बहुतेक शस्त्रक्रियांत छातीचे मधले हाड कापावे लागते. पुढे दुखते म्हणून रुग्ण पुरता श्वास घेत नाही, खोकत नाही. मग फुफ्फुसात कफ साचतो व त्यात जंतू वाढतात.

धोका कोणाला अधिक?

वयस्क माणसे, विडी ओढणारे, दम्याचे किंवा फुफ्फुसाचे जुने रोगी, अंगात रक्त कमी असलेले, मधुमेही व अशक्त रुग्ण यांना धोका अधिक. शस्त्रक्रिया लांबली किंवा श्वासाच्या यंत्रावर एक दिवसाहून अधिक राहावे लागले, तरी तो वाढतो. वय आपल्या हाती नाही. विडी मात्र आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी

विडी कायमची सोडावी. निदान चार आठवडे आधी तरी बंद करावी. रक्त व साखर तपासून उपचार घ्यावेत. दात रोज दोनदा घासावेत, कारण तोंडातील जंतूच फुफ्फुसात उतरतात. तीन चेंडूंच्या यंत्राने दीर्घ श्वास घेण्याचा व्यायाम आधीच शिकून घ्यावा.

घरी आल्यावर

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तो व्यायाम चालू ठेवावा. खोकताना छातीशी उशी घट्ट धरावी. दुखणे कमी होते व कफ सुटतो. दिवसभर खाटेवर पडून न राहता थोडे थोडे चालावे. जेवताना ताठ बसावे.

वेचणीच्या दिवसांत घरात कापूस भरलेला असतो. रुग्णाची खाट त्या खोलीत किंवा चुलीच्या धुरात ठेवू नये. आपल्याकडील हिवाळा कडक, म्हणून अंगावर ऊब असावी. पण दारे-खिडक्या लावून शेकोटी पेटवू नये. सर्दी-खोकला असलेल्यांनी भेटीला येऊ नये.

ताप, पिवळा-हिरवा कफ, धाप किंवा श्वास घेताना छातीत दुखणे दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठावा. म्हाताऱ्यांना कधी ताप येत नाही. नुसती गुंगी किंवा बरळणे दिसते. काढा देऊन वाट पाहू नये. शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत न्यावीत.