टेम्पो : नाव कुठले, गाडी कुठली?



बेणे आणायचे म्हटले की आपण म्हणतो, "टेम्पो सांगा." मग येणारी गाडी कुठल्याही कंपनीची असो, आपल्याकडे ती टेम्पोच. या नावामागे मोठा इतिहास आहे.

टेम्पो हे मुळात जर्मन नाव. हॅम्बुर्गची व्हिडाल ही कंपनी या नावाने लहान मालगाड्या बनवीत असे. त्यांची तीनचाकी हॅन्सिएट व चारचाकी मॅटॅडोर या दोन्ही १९४९ सालच्या. आपल्याकडे नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली. मुंबईत गोरेगावला प्रथम तीनचाकी बनली. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना झाला आणि १९६९ मध्ये मॅटॅडोर आली. जर्मनीत हा धंदा दुसऱ्यांच्या हाती गेला व टेम्पो हे नाव मागे पडले. इकडे मात्र ते गावोगाव रुजले. १९८६ साली टाटांची ४०७ आली, तिलाही लोक टेम्पोच म्हणू लागले. २००५ मध्ये मूळ कंपनीने फोर्स मोटर्स हे नाव घेतले. आता मॅटॅडोर बनत नाही, पण शब्द काही जात नाही.

मॅटॅडोरची खुबी तिच्या रचनेत होती. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळे. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत दांडा न्यावा लागत नसे आणि हौदा जमिनीपासून बुटका ठेवता येई. दोन माणसांनी हातावर माल चढवावा, इतके ते सोयीचे. मोठा ट्रक भरण्याइतका माल ज्याच्याकडे नाही, अशा लहान शेतकऱ्याची त्यामुळे सोय झाली. मात्र चढावर भार मागे सरकतो व पुढची चाके हलकी होऊन घसरतात. म्हणून जुने ड्रायव्हर जड माल केबिनच्या बाजूला लावीत.

आता आपल्या कामाचे. एकरी दोन डोळ्यांची सुमारे १० हजार टिपरी लागतात. भाडे वाचवायला सगळे बेणे एकाच खेपेत कोंबायचे, वर माणसे बसवायची, हे आम्ही दरवर्षी पाहतो. त्यात डोळे चेंगरतात, उगवणीत नांग्या पडतात. वाचलेल्या भाड्यापेक्षा हे नुकसान जास्त. तेव्हा सभासदांनी एवढे करावे :

१. ऊस पाचटासह अखंड आणावा, टिपरी शेतावरच तोडावीत.
२. गाडीला झेपेल तेवढेच भरावे, लागल्यास दुसरी खेप करावी.
३. मोळ्या वरून फेकू नयेत, हाताने उतरून घ्याव्यात.
४. तोडलेले बेणे उन्हात ठेवू नये, शक्यतो २४ तासांत लावावे.

लांबच्या मळ्यातले चांगले बेणे एका दिवसात बांधावर आणता येते, ही या लहान गाडीची देणगी आहे. ते शाबूत उतरेल, एवढी काळजी मात्र आपणच घ्यायची.

— ऊस विकास अधिकारी