बंगळुरास येणारे गायनाचे परीक्षक

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, आणि १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यवर्गाने जे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले, त्याच्या प्रारंभिकेपासून अलंकारापर्यंतच्या परीक्षांचा कारभार आजही गावोगाव फिरणाऱ्या परीक्षकांवाचून चालत नाही. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर ही त्यांच्या फिरतीची दोन सत्रे. मुंबईहून उद्यान एक्सप्रेसने सोलापूर, वाडी, गुंतकल ओलांडीत बंगळुरास उतरावे, थोडी विश्रांती घ्यावी, की लगेच उमेदवारांची यादी पुढ्यात!

या शहरातील परीक्षकाचे काम मला विशेष नाजूक वाटते. ज्या घरात कर्नाटक संगीताचे संस्कार पिढीजात आहेत, तेथील मूल भूप गाऊ लागले, की त्याच आरोह-अवरोहाच्या मोहन रागातील गमक त्याच्या गांधारावर नकळत उमटतो. त्यास दोष म्हणावे की घरचा वारसा, याचा निवाडा परीक्षकाने क्षणार्धात करावयाचा असतो. जाणता परीक्षक अशा वेळी गुण कापण्याची घाई करीत नाही. तो स्वतः सरळ, स्थिर गांधार लावून दाखवितो, “आता असा म्हण बरे बाळ,” म्हणतो, आणि मग हातावर त्रितालाची दुगुन विचारतो.

कागदोपत्री याची नोंद कोठेही होत नाही; तरी हिंदुस्थानी गायकीचा प्रसार दक्षिणेत ज्यांनी केला, त्यांत या फिरत्या परीक्षकांची गणना मी अगत्याने करीन.