प्रशिक्षण झालं, मिनिट मोजलं का?

निर्मल असो की शेजारचं नांदेड, ‘नर्सबाईंचं ट्रेनिंग झालंय’ म्हटलं की घरचे निर्धास्त होतात. पण प्रशिक्षण म्हणजे पद्धत ठाऊक असणं. अनुपालन (ठरलेली प्रत्येक पायरी प्रत्यक्ष पाळणं) ही वेगळी गोष्ट. खिशात लायसन्स असलेला प्रत्येक जण वळताना इंडिकेटर देतोच असं नाही, तसंच हे.

खोकणारं बाळ घ्या. आयएमएनसीआय (नवजात व लहान मुलांच्या आजारांवरील एकात्मिक उपचारपद्धती) सांगते: बाळ शांत असताना अंगावरचं झबलं वर करून पूर्ण 1 मिनिट श्वास मोजा. 2 महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, तर श्वास जलद. दारात रांग, मांडीवर रडणारं मूल; तेव्हा हेच मिनिट अर्ध्यावर तुटतं. दर वेळी तो आळस नसतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने श्वास मोजण्यातल्या आणखी एका अडचणीवर झकास तोड काढली. मोठे आकडे न मोजता येणाऱ्या सुइणींसाठी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं श्वासमापक बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा.

जुलाबातही पायरी अशीच सुटते. ओआरएसचं पाकीट मिळतं; झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्यायच्या, हे आईला सांगायचं मात्र राहून जातं.