क्ष-किरणांचे माप

गेल्या पावसाळ्यात मनीषनगरातील आमच्या घरी वडील बंधूंची कंबर धरली. डॉक्टरांनी क्ष-किरण फिल्म काढून आणण्यास सांगितले. जुने कागद शोधता शोधता कपाटातून दादांच्याच नावाच्या सात फिल्मा निघाल्या. पाच छातीच्या, दोन कंबरेच्या. त्या पाहून वहिनींनी विचारले, "भावोजी, इतके किरण अंगात गेले, त्याचा हिशेब कोणी ठेवतो का हो?" जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविलेल्या आम्हास उत्तर सुचेना. फिल्मांवर नाव होते, वय होते, तारीख होती; मात्रेचा आकडा एकीवरही नव्हता.

१८९५ साली जर्मनीत राँटगेन यांना हे किरण सापडले, तेव्हा त्यांचे स्वरूप अज्ञात म्हणून त्यांनी बीजगणितातील अज्ञाताचेच अक्षर त्यांस दिले. आपला 'क्ष' तोच. पुढे स्वरूप कळले. मात्राही मोजता येऊ लागली.

ती मोजण्याची एक रीत मोठी मनोरम आहे. लिथियम फ्लुओराइडसारख्या काही स्फटिकांवर किरण पडले असता ते त्यांतील ऊर्जेचा अंश साठवून ठेवतात, आणि पुढे तापविले की तीच ऊर्जा प्रकाशरूपाने परत करतात. जितकी मात्रा, तितका प्रकाश. असा कण रुग्णाच्या त्वचेवर चिकटवून फिल्म घेतली की माप मिळते. या स्फटिकांवर आमच्या नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात कित्येक वर्षे संशोधन झाले आहे, हे सांगताना आम्हास अभिमान वाटतो. कण नसला तरी नळीला किती किलोव्होल्ट दाब दिला, किती प्रवाह किती वेळ सोडला आणि रुग्ण किती अंतरावर होता, एवढ्यावरून मात्रेचे गणित मांडता येते. मात्र त्या नळीचे उत्सर्जन आधी मोजलेले हवे.

१९९६ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सामान्य बांध्याच्या प्रौढ रुग्णासाठी त्वचेवरील मात्रेचे मार्गदर्शक आकडे प्रसिद्ध केले. पाठीमागून घेतलेली छातीची एक फिल्म ०.४ मिलिग्रे, कंबरेच्या मणक्यांची समोरून १०, बाजूने ३०. ही बंधने नव्हेत. याहून अधिक मात्रा वारंवार भरू लागली तर यंत्र व रीत तपासावी, एवढाच त्यांचा अर्थ. छातीत हवा फार, म्हणून थोडक्या किरणांत काम भागते. कंबरेतून आडवे जाताना मात्र त्यांस मांस आणि हाड भेदावे लागते. या आकड्यांनी दादांच्या पाच छात्या मिळून २ मिलिग्रे आणि कंबरेच्या दोनच फिल्मा ४०! आमचे त्रैराशिक येथे फसले असते.

वहिनींचा चेहरा उतरला, म्हणून दुसरी बाजूही सांगितली. त्वचेवरील मात्रा म्हणजे सर्व देहास पोचणारा परिणाम नव्हे. कंबरेच्या अशा तपासणीचा तो हिशेब सुमारे दीड मिलिसिव्हर्ट धरतात. भूमी, आकाश, अन्न यांपासून मनुष्यास वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात.

दुसऱ्या दिवशी दादांना घेऊन गेलो. यंत्र चालविणाऱ्या तरुणाच्या छातीवर बिल्ला होता. आपल्याकडे त्यात डिस्प्रोशियममिश्रित कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. वहिनींनी त्याकडे बोट दाखविले. "हा माझा हिशेब, आजी," तो म्हणाला. त्याच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षास २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. रुग्णास अशी मर्यादा नाही, कारण तेथे लाभ पाहून वैद्याने ठरवावयाचे असते. "आणि यांचा?" वहिनींनी विचारले. तो क्षणभर घुटमळला. मग आमच्या विनंतीवरून त्याने पाकिटावर दाब, प्रवाह व वेळ पेन्सिलीने लिहून दिले. घरी येऊन वहिनींनी ते वहीत उतरविले. वरच्या सात ओळी त्यांनी कोऱ्या सोडल्या आहेत.