मुलग्यांनी करावयाची आभारपत्रे

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात १९७६ साली उभारलेले वळ्ळुवर कोट्टम हे तिरुवळ्ळुवरांचे स्मारक आहे. त्यांच्या तिरुक्कुरळ या ग्रंथातील सर्व १३३० कुरळ तेथे दगडावर कोरलेले आहेत. या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायाचा विषय कृतज्ञता हा असून त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘केलेला उपकार जाणणे’ असा होतो. आपल्या ‘कृतज्ञ’ शब्दाचा अर्थही तोच आहे: जे केले गेले ते जाणणारा. दोन्ही भाषांनी भर दिला आहे तो बोलण्यावर नव्हे, जाणण्यावर. स्वहस्ते केलेल्या आभारपत्राचे मोल नेमके यातच आहे. कारण ते तयार करण्यासाठी मुलाला समोरच्या माणसाचे काम बारकाईने आठवावे लागते.

कागदकाम व सजावट ही मुलींची कामे, अशी समजूत अनेक घरांत आढळते. त्यामुळे आभार लिहिण्याचे कामही बहिणीकडे जाते आणि मुलगा ‘थँक्यू’ म्हणून मोकळा होतो. फुले आणि फिती त्याला परक्या वाटत असतील, तर त्यांचा आग्रह धरू नये. ज्याने जे केले, त्याचेच चित्र काढावयास सांगावे. बसचालकासाठी बस, सायकल दुरुस्त करणाऱ्यासाठी चाक, मासेमारासाठी नाव. विषय सापडला की हात आपोआप चालू लागतो.

मासेमाराचे उदाहरण चेन्नईत सहज सुचण्याजोगे आहे. १ डिसेंबर २०१५ रोजी अतिवृष्टी झाली. चेंबरंबाक्कम जलाशयातून सोडलेले पाणीही अड्यार नदीत आले आणि कोट्टूरपुरमसारख्या वस्त्या बुडाल्या. त्या वेळी किनाऱ्यावरील मासेमारांनी आपल्या नावा शहरात आणून अनेकांना बाहेर काढले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत याच किनाऱ्यावरील मासेमारांच्या वस्त्यांनी माणसे व नावा गमावल्या होत्या. शहर एरवी त्यांच्याकडून मासळी घेते, पण त्यांना पत्र क्वचितच लिहिते. म्हणून येथे नावेचेच आभारपत्र कसे करावे ते पाहू.

कागद विकत आणण्याची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू उत्तम. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा; ज्या दिशेने तो सहज वाकेल, त्या दिशेने घडी घालावी म्हणजे ती फाटत नाही. २० सेंमी लांब व १४ सेंमी रुंद तुकडा लांबीच्या मध्यावर दुमडावा. दुमडलेल्या कडेच्या मध्यभागी एकमेकांपासून ४ सेंमी अंतरावर, प्रत्येकी २ सेंमी लांबीचे दोन समांतर छेद द्यावेत. मधली पट्टी आतल्या बाजूस ढकलून तिची घडी उलटी करावी. आता पत्र काटकोनात उघडले असता आत एक लहानशी पायरी उभी राहते.

दुसऱ्या कागदावर नाव रंगवून ती कापावी व तिचा तळ पायरीच्या पुढील उभ्या बाजूस चिकटवावा. नावेची उंची ६ सेंमीपेक्षा अधिक नसावी, म्हणजे पत्र मिटल्यावर ती बाहेर डोकावणार नाही. घडीवर पडलेली खाच झाकण्यासाठी बाहेरून तेवढाच दुसरा कागद डकवावा. मात्र पायरीच्या मागे खळ लावू नये, नाहीतर ती उठणार नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या चेन्नईच्या पावसाळ्यात हवा दमट असते. तेव्हा मैद्याची खळ घट्ट शिजवून पातळ थरात लावावी आणि पत्र रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवावे. शाईपेक्षा पेन्सिल किंवा मेणाचे खडू बरे. ते ओल्या हातांनी पसरत नाहीत.

कडेच्या नक्षीसाठी कोलम उपयोगी पडते. पुळ्ळी कोलम म्हणजे आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीची तमिळ बहीण. एकेक सेंमीवर ठिपके मांडून त्यांच्याभोवती रेषा वळवावी. आई किंवा आजी रोज सकाळी उंबऱ्यापुढे किती मोजणी करते, हे ती नक्षी काढताना मुलाला प्रथमच उमगते. दुसरे आभारपत्र कोणासाठी करावे, हे मग त्याला सांगावे लागत नाही.

मजकूर थोडा असावा, पण त्यात तीन गोष्टी याव्यात: ज्याला लिहावयाचे त्याचे नाव, त्याने काय केले आणि त्यामुळे काय घडले. ‘आपण फार थोर आहात’ हे वाक्य कोणालाही लिहिता येते. ‘आपण आजीला उचलून नावेत बसविले, तिची औषधाची पिशवी भिजली नाही’ हे वाक्य पाहणाऱ्यालाच सुचते. लिहिताना शुद्धलेखनाची चूक झाली तर ती मोठ्यांनी रबराने पुसू नये. मुलाला दाखवावी आणि त्यालाच सुधारू द्यावी.

पत्र शक्यतो मुलाने स्वतः नेऊन द्यावे. घेणाऱ्याला वाचता येत नसेल, तर मुलाने ते त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावे आणि तो काही सांगू लागला तर थांबून ऐकावे.